अध्यक्ष एक शब्दही बोलले नाहीत!

मराठी माणसाला संमेलन म्हटलं की आधी अध्यक्ष आठवतो आणि लगेच त्याच्यावरून झालेलं भांडण. निवडणूक बरी की निवड बरी, अमुकांची पुस्तकं किती, तमुकांना कुणाचा पाठिंबा, छापील भाषण किती पानी. बीडमध्ये 13 आणि 14 फेब्रुवारी 2020 ला एक संमेलन झालं, त्यात यातलं काहीच नव्हतं. अध्यक्षांनी अर्ज भरला नाही, पत्रक काढलं नाही, भाषण वाचलं नाही आणि शेवटच्या दिवशी रुसूनही बसले नाहीत. अध्यक्ष होते वडाचं झाड.

हे वृक्षसंमेलन. बीड शहराजवळच्या पालवणच्या माळावर ‘सह्याद्री देवराई’नं भरवलेलं. या कामामागची ठळक नावं दोन: अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप. एक पडद्यावर खलनायक म्हणून गाजलेला सातारकर. दुसऱ्यानं ‘चला हवा येऊ द्या’मधली पत्रं लिहून घराघरांत माणसं रडवलेली. ‘जगातलं पहिलं वृक्षसंमेलन’ असं त्याचं बिरुद होतं. ‘जगात पहिल्यांदाच’ असा फलक आपल्याकडे रसवंतीवरही दिसतो, त्यामुळे आपण फार ताणायला नको. पण झाड अध्यक्षस्थानी आणि माणसं सतरंजीवर, ही मांडणी बीडला सुचली हे कबूल करायला हवं.

न्यूझीलंडनं 2017 साली वांगानुई नदीला कायद्यानं ‘व्यक्ती’चा दर्जा दिला तेव्हा जगभर कोण कौतुक झालं! बीडनं त्यापुढची पायरी गाठली. व्यक्ती तर सगळेच असतात हो. अध्यक्ष किती जण होतात?

शेजारी महिनाभर आधी

वृक्षसंमेलनाच्या बरोबर महिनाभर आधी, 10 ते 12 जानेवारी 2020 ला, बीडला लागून असलेल्या उस्मानाबादेत (आता धाराशिव) 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीवरून गदारोळ झाला. पण हेच फादर वसईची हिरवाई वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेले, ‘हरित वसई संरक्षण समिती’चे. म्हणजे आधी झाडांसाठी भांडणारा अध्यक्ष, नंतर खुद्द झाड. दोन्ही शेजारच्या जिल्ह्यांत, दोन्ही महिन्याच्या अंतरानं. कुणी ठरवून केलं असतं तर जमलं नसतं.

संमेलनाचा दुसरा दिवस 14 फेब्रुवारी, शुक्रवार. गावोगावच्या पोरांनी गुलाब शोधण्याचा दिवस. आणि तिथून मोजून चाळिसाव्या दिवशी, 25 मार्चला, देश कुलूपबंद झाला. अध्यक्षांना फरक पडला नाही. ते होते तिथंच होते.

अध्यक्षांचा परिचय

प्रत्येक संमेलनात एक परिचयकर्ता असतो आणि तो लांबवतो. आपणही थोडं लांबवू.

वड हा भारताचा राष्ट्रीय वृक्ष. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष मात्र आंबा, तेव्हा दिल्लीत वड आणि मुंबईत आंबा अशी पदवाटणी आहे.

वडाचं एक लालभडक फळ खाली पडलेलं घ्या आणि नखानं फोडा. आत जे दाटीवाटीनं दिसतं ती फुलं. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी आपली फुलं बाहेर मिरवतच नाहीत, फळासारख्या दिसणाऱ्या बटव्यात आतल्या बाजूला फुलवतात. बरेच दिवसांनी घरी आलेल्या पाहुण्याला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो ना, त्या बिचाऱ्या फुलाचं गुपित एवढंच आहे: ते दुर्मीळ वगैरे नाही, शेकड्यांनी असतं, फक्त दार लावून बसलेलं.

त्या दाराची किल्ली एकाच किड्याकडे. चिलटाएवढी वडाची माशी फळाच्या टोकाच्या बारीक भोकातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथंच मोडतात. आत जाऊन ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखाचे जन्मतात, मादीसाठी बाहेर पडायचं बोगदावजा भोक कोरतात आणि स्वतः सहसा तिथंच संपतात. मादी अंगावर परागकण घेऊन दुसऱ्या वडाकडे उडते. वडाची माशी वडालाच, उंबराची उंबरालाच. घरं बदलून चालत नाही. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात. एकदा काढून पाहायला हरकत नाही.

बी रुजण्याची तऱ्हाही न्यारी. पाखरं फळं खातात आणि विष्ठेतून बी कुठंही पडतं: दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, देवळाच्या शिखरात, सरकारी कचेरीच्या गच्चीवर. भिंतीत उगवलेला वड पाहून आपण घर पडणार म्हणून घाबरतो. त्याच्या दृष्टीनं ती फक्त चांगली जागा असते.

देवराई, पण सह्याद्री कुठून आला?

बीडकरांना हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. उत्तर नकाशात आहे. बीडमधून जाणारी बालाघाटची रांग ही सह्याद्रीचीच पूर्वेकडे पसरलेली शाखा. म्हणजे धाकटी पाती, पण घराणं तेच. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, जिथं कुऱ्हाड लावायची नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशी रानं पुष्कळ. बीडची गणती मात्र महाराष्ट्रातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत, त्यामुळे इथं देवराई राखण्याआधी लावावी लागते.

झाडं नाहीत म्हणावं तर गावांच्या नावांत ती जागोजाग भेटतात. तालुका वडवणी. त्याच तालुक्यात चिंचवण आणि चिंचाळा. बीडजवळ पिंपळनेर आणि लिंबागणेश. धारूरकडे आंबेवडगाव, शिरूर कासारकडे निमगाव मायंबा. एसटीच्या पाट्या वाचत गेलात तर फुकटात एक वनस्पतिशास्त्राचा तास होतो. आणि हो, मराठवाड्यात ‘लिंब’ म्हणजे कडुलिंब. सरबताला लागतं ते लिंबू. पाहुण्यांचा इथं हमखास घोळ होतो.

अध्यक्षांच्या आधीचे अध्यक्ष

बीड जिल्ह्यात साहित्य संमेलन झालं ते 1983 साली, अंबाजोगाईला. अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. खांद्याला दुर्बीण आणि हातात स्केचबुक घेऊन रानोमाळ हिंडणारा हा लेखक. त्याच 1983 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सत्तांतर’ कादंबरीला मिळाला. तिच्यातली पात्रं कोण, तर वानरं. टोळीचा प्रमुख कोण आणि हद्द कुणाची, यावरून चाललेली लढाई. राजकारण्यांनी वाचावी अशी कादंबरी, आणि माणूस त्यात जवळपास नाही.

पुढे डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवुळ गावी वानरांनी कुत्र्याची पिल्लं उचलून उंचावर नेल्याच्या घटना घडल्या आणि ‘माकडांचा सूड’ ही बातमी सातासमुद्रापार पोचली. आकडे दर बातमीगणिक फुगत गेले. वनविभागानं दोन वानरं पकडून नेली आणि जगाचा रस संपला. माडगूळकर असते तर या गावात महिनाभर मुक्काम ठोकून बसले असते असं आपलं मला वाटतं.

घरी कोण आहे?

बीडमध्ये कुठलाही कार्यक्रम ठरवताना पंचांगापेक्षा महत्त्वाचं एक कॅलेंडर आहे: कारखान्याचं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रक-ट्रॅक्टरवर पत्रे, भांडी, शेळी, कोंबडी, लहान लेकरू. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात हंगाम संपला की मार्च-एप्रिलात परत. मधल्या महिन्यांत कित्येक वस्त्यांवर कुलपं, उरलेल्या घरांत म्हातारी माणसं.

आता तारखा पाहा. वृक्षसंमेलन फेब्रुवारीत, म्हणजे अर्धं गाव उसाच्या फडात असताना. उलट पाणी फाउंडेशनची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा व्हायची उन्हाळ्यात, टोळ्या परतल्यावर. तिचं पहिलं वर्ष 2016. अख्ख्या राज्यातून तीनच तालुके निवडले होते: विदर्भातला वरुड, पश्चिम महाराष्ट्रातला कोरेगाव आणि मराठवाड्यातला अंबाजोगाई. दुसऱ्या वर्षी तालुके तीस झाले, तिसऱ्या वर्षी पंच्याहत्तर.

त्या स्पर्धेनं खेड्यापाड्यांत दोन शब्द रुजवले. एक ‘सीसीटी’, म्हणजे सलग समतल चर. दुसरा ‘हायड्रोमार्कर’. नाव भारी, वस्तू साधी: दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथं फक्की टाकायची, पुढं सरकायचं, परत पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं. गवंड्याला हे तंत्र बाप-आज्यापासून ठाऊक. पण डोंगराच्या कुशीवर अशी पांढरी रेघ वळत वळत जाताना पाहिली की वाटतं, एवढी मोठी रांगोळी कुणी घातली? त्या रेघेवर चर खणायचा, भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत. 1 मे 2018 च्या महाश्रमदानाला शहरातले ‘जलमित्र’ही आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तळहातावर काय उमटलं असेल ते सांगायला नको.

दुष्काळाची कलाकुसर

जुन्या बीडची ख्याती कशासाठी? निजामाच्या राज्यात असताना दोन वस्तूंसाठी हे गाव ओळखलं जाई: छागल आणि गुप्ती. गुप्ती म्हणजे काठीत लपवलेली तलवार. तिच्याबद्दल आज न बोललेलं बरं. छागल मात्र जवळून बघण्यासारखी. चामड्याची पाण्याची पिशवी. चामड्यातून पाणी किंचित पाझरतं, बाहेरून ओल राहते, वारा लागला की ती ओल उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाचं तंत्र तेच, पण माठ घोड्यावर टांगता येत नाही. जिथं पाणी कमी तिथंच पाणी थंड ठेवायची कला भरभराटीला आली, यात नवल नाही.

दुसरी करामत शहराबाहेर काही किलोमीटरवर आहे, खजाना विहीर. 16व्या शतकातली, अहमदनगरच्या निजामशाहीत सलाबतखानाच्या काळात बांधलेली. बांधणारा स्थपती राजा भास्कर. विहिरीतून पाणी उपसायचं, हा सर्वसाधारण नियम. इथं उपसायचं कामच नाही: दोन भुयारी वाटांनी पाणी आत येतं आणि तिसऱ्या वाटेनं, जमिनीच्या उताराचा फायदा घेत, आपलं आपण शेतांकडे जातं. मोट नाही, बैल नाही, वीजबिल नाही. दुष्काळातही ही विहीर आटत नाही, असं बीडकर छातीठोकपणे सांगतात. याच जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे मात्र आपण आठवून द्यायचं नाही. पाहुण्यानं एवढं पथ्य पाळावं.

आणि शहरातलं कंकालेश्वर? देवळाभोवती तळं नाही, तळ्यातच देऊळ. बीडकरांना पाण्याचं कौतुक किती, ते देवाला बसवलंय कुठं यावरून ओळखावं.

चाळीस फुटांचं पान

कागदाचा तुटवडा झाला म्हणून लिहायचं थांबलो, असं कुणी सांगितलं तर त्याला अंबाजोगाईला पाठवा. 16व्या-17व्या शतकात होऊन गेलेल्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ थेट कापडावर लिहिला. सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद. हीच ती प्रसिद्ध पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं पांघरूण. थंडीत पांघरावं आणि उजाडलं की वाचावं, असं पुस्तक जगात दुसरीकडे कुठं मिळेल? मजकुराबरोबर आकृत्याही आहेत. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. तो पांघरायचं ठरवलं असतं तर गावाला पुरला असता.

याच गावात मुकुंदराजांची समाधी. ‘विवेकसिंधु’चा काळ परंपरेनं 1188 मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधी. असा वारसा असलेल्या गावात दरवर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह भरतो, त्यात शास्त्रीय गाणं असतं, कविसंमेलन असतं आणि शेतकरी परिषदही. ख्याल आणि खरीप एकाच मांडवात! पुण्या-मुंबईच्या महोत्सवांत शेतकरी दिसतो तो बहुतेक वेळा नेपथ्यात.

बिनतिकिटाचा महोत्सव

‘निसर्ग महोत्सव’ असा फलक न लावता होणारा निसर्ग महोत्सव बघायचा असेल तर मार्गशीर्ष अमावास्येला लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाई-परळीच्या शिवारात जा. वेळ अमावास्या, बोलीत येळवस. सगळं घर शेतात. ज्वारी कमरेला लागलेली, हरभरा घाट्यांवर. कडब्याची खोप करायची, तिच्यात पांडव मांडायचे, म्हणजे चुना लावलेले पाच दगड. खायला भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे.

ही भज्जी म्हणजे बेसनात बुडवून तळलेली भजी नव्हेत, एवढं समजलं की पाहुणा निम्मा मराठवाडी झाला. ओले हरभरे, तुरीचे, वालाचे, मटारचे दाणे, मेथी, हिरवी चिंच, बेसनाचं दाट कालवण. शिवारात जे आलंय ते पातेल्यात. आंबील ज्वारीच्या पिठाची, ताकातली, रात्रभर आंबवलेली, लसूण लावलेली. मातीच्या बिंदग्यातून डोक्यावर शेतात आणायची. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात. लातुरात तर त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते. दुपारी जेवून लिंबाखाली आडवं व्हायचं. त्याला परिसंवाद म्हणा हवं तर.

ऊसतोडीला गेलेल्यांची येळवस मात्र फडातच, जमली तर.

आता थोडं गाढव

केज तालुक्यातलं विडा गाव धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतं. परंपरा कित्येक दशकांची. सण जवळ आला की गावातले जावई परागंदा होतात आणि तरुण मंडळी त्यांच्या मागावर निघतात. सापडला की बसव गाढवावर. गळ्यात चपलांचा हार, शेवटी नवे कपडे आणि आहेर. लोककलेत हे बसतं का? ज्यांना शंका आहे त्यांनी विड्याची मुलगी करावी आणि धुळवडीला सासरवाडीला जावं.

शेळी काय खात नाही

2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव सीतेचं, पण झाड मूळ अमेरिका खंडातलं. पोर्तुगिजांबरोबर इकडं आलं असं मानतात. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर ते इतकं टिकलं त्याचं एक कारण अगदी गावरान आहे: त्याच्या कडवट, उग्र पानाला शेळी तोंड लावत नाही. वृक्षारोपण करणाऱ्या कोणालाही विचारा. खड्डा, रोप, फोटो हे सोपं. त्यानंतर शेळी येते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला कुणाच्या विडीची ठिणगी लागते ते वेगळंच. म्हणून रानाभोवती जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा.

असं राखलेलं रान जिल्ह्यात आहेही. पाटोदा तालुक्यात नायगाव हे मोरांसाठी राखलेलं अभयारण्य, 1994 पासून, क्षेत्र जेमतेम 30 चौरस किलोमीटर. शिरूर कासारमधल्या तागडगावच्या ‘सर्पराज्ञी’ केंद्रात जखमी काळवीट, मोर, साप उपचाराला येतात. बरे झाले की रानात.

मुदत किती?

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची मुदत पुढचा अध्यक्ष येईपर्यंत. वडाची मोजायची कशी? कोलकात्याजवळच्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानात अडीचशे वर्षांहून जुना वड आहे. त्याच्या मूळ खोडाला बुरशी लागली म्हणून 1925 साली ते कापून काढलं. आज त्याला मधलं खोडच नाही. पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच हजारो खोडं झाली आहेत. कुंपणाबाहेर रस्ता केला होता, झाड त्याच्याही पलीकडं निघालं.

पालवणला कोणी हे जाऊन सांगू नका. पुढच्या वेळचा अध्यक्ष म्हणून पिंपळानं आत्ताच कुठंतरी भिंत धरली असेल.